निळ्या टाकीचा हंगाम

साखर कारखाना सुरू झाला की भालकीच्या हवेला मळीचा वास लागतो. आंबूस, गोडसर, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरून बसणारा. इथल्या माणसांना त्या वासानं बरं वाटतं. ऊस जाणार, बाजारात गर्दी होणार, उदगीर-लातूरच्या गाड्या भरून येणार. माझं मात्र डोकं उठतं. परवा सकाळी गच्चीवर कपडे घेऊन गेले, वास आला, आणि मी हातातली बादली तिथंच आपटली.

"काय पडलं गं?" अव्वा, माझी आई, खालून ओरडली.

"काय न्हाई. हंगाम सुरू झाला," मी म्हटलं.

ती आपल्या कामाला लागली. या दिवसांत माझ्या वाटेला फार कुणी जात नाही, हे घरानं आता शिकून घेतलंय.

रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर धावायला लागलेत. त्यांच्या भोंग्यांवर कन्नड गाणं, मागच्या ट्रॅक्टरवर मराठी, आणि दोन्ही एकदम कानात. कॉलेजात वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मी पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगत असते की आर्गॉन हा निष्क्रिय वायू, कुणाशी जोडी करत नाही, कुणाशी भांडत नाही. मुली लिहून घेतात. मला वाटतं सांगावं, बायांनो, या निष्क्रिय वायूनं माझी काय गत केली ते लिहा. पण ते परीक्षेला येत नाही.

आमचं घर ट्रॉल्यांवर उभं आहे. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, स्टँडच्या मागच्या ओळीत ट्रॉल्या बांधायचा आणि दुरुस्तीचा कारखाना. दसऱ्यापासून तिथं पाय ठेवायला जागा नसते. कुणाची जोडणी तुटलेली, कुणाच्या तळाचा पत्रा सडलेला, कुणाला नवीच पाहिजे आणि तीही ऊस तोडायच्या आत. लहानपणी तिथं रॉडचं वेल्डिंग चालायचं. "तिकडं बघू नगं, डोळे जातेल," असं अप्पा दिवसातून कितीदा तरी म्हणायचे, आणि मी बघायचेच. मग डोळ्यांत वाळू घातल्यासारखी चुरचुर, आणि अव्वा पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून शेजारी बसलेली. मी कॉलेजात गेले त्या सुमारास अप्पांनी गॅसवरचं मशीन आणलं. तेव्हा पहिल्यांदा कोपऱ्यात निळ्या टाक्या उभ्या राहिल्या. "आर्गॉन हाय," अप्पा येईल त्याला सांगायचे. गावात तो शब्द त्यांच्याइतक्या प्रेमानं दुसरं कुणी उच्चारत नव्हतं.

वेल्डिंगचा तो झगझगीत ठिपका म्हणजे प्लाझ्मा. वायूतून वीज गेली, अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झाले, वायू पेटला. पण माझं संशोधन त्या उजेडावर नव्हतंच. तो गेल्यावर काय होतं, यावर होतं. कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, विद्यापीठात माझी एक काचेची नळी होती. आतली हवा पंपानं ओढून काढायची, थोडासा आर्गॉन सोडायचा, वीज द्यायची. नळी जांभळट उजळायची. वीज बंद केली की विझायची. डोळ्यांना वाटतं, संपलं. संपलेलं नसतं. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही कितीतरी लहान तुकड्यात आत बरंच काही चाललेलं असतं. सुटे इलेक्ट्रॉन हिंडत असतात, हळूहळू काचेला जाऊन लागतात आणि तिथं संपतात. काही अणू मिळालेली ऊर्जा धरून बसलेले असतात, कारण उजेड होऊन ती बाहेर पडायची वाट त्यांना जवळजवळ बंदच असते. असे दोन एकमेकांवर आदळले की एक आपली ऊर्जा सोडतो आणि दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन सुटतो. म्हणजे वीज बंद करूनही आत नवे इलेक्ट्रॉन येतच राहतात. शुद्ध आर्गॉन म्हणूनच सावकाश विझतो.

आता त्यात थोडासा दुसरा वायू घाला. नायट्रोजन, हायड्रोजन, ऑक्सिजन, जो हाताशी असेल तो. हे वायू रेणूंचे. दोन-तीन अणू हात धरून उभे असतात, त्यामुळं त्यांना गिरक्या घेता येतात, हेलकावे घेता येतात, आणि त्या गिरक्यांत ते दुसऱ्याची ऊर्जा सहज घेऊन जातात. एकटं माणूस रुसून बसलं की दिवसभर धुमसतं, आणि चार बायका चहाला आल्या की आपण कशावरून रुसलो होतो तेच आठवत नाही. तसंच ते. अणूंनी धरून ठेवलेलं सुटतं, इलेक्ट्रॉन निवतात, रेणूंचे आयन त्यांना पटकन गिळतात, आणि सगळं लवकर आटोपतं. पण सगळे पाहुणे सारखे नाहीत. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनलाच चिकटतो. नायट्रोजन घेतलेली ऊर्जा काही वेळ सांभाळतो आणि थोडी परतही देतो. कुणी किती मिसळलं की किती लवकर विझतं, एवढाच माझा प्रश्न होता. "ह्याचा उपयोग काय?" असं मला लग्नांत, बारशांत, बसमध्ये लोकांनी विचारलंय. मोबाइलमधली चिप ज्या यंत्रांत बनते तिथं हे लागतं, असं मी सांगायचे. मग ते मोबाइलकडं बघायचे आणि मग माझ्याकडं, आणि विषय बदलायचे.

आधी मात्र नुसता आर्गॉन. तो एकटा कसा विझतो हे पक्कं मोजल्याशिवाय, मिसळलेल्यानं काय केलं ते कशाच्या जोरावर सांगणार? ती एक रेघ मला पाहिजे होती. खाली उतरत जाणारी, लांब शेपटीची, सावकाश. ती मिळाली की पुढचे तीन वायू झरझर झाले असते. माझी मुदत त्या हंगामाअखेर संपत होती. वाढवायची की नाही ते समिती ठरवणार होती, आणि माझे मार्गदर्शक सरही त्याच सुमारास निवृत्त होत होते. म्हणजे ती रेघ मिळाली तर पीएच.डी., नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं.

आणि आर्गॉन संपला. नव्या टाकीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होती. मी रोज जाऊन उभी राहायचे. "कळसीवी," पाठवलीय, असं कारकून रोज सांगायचे. कुणाला पाठवली ते कुणीच सांगायचं नाही. फोनवर मी घरी कुरकुरले असेन. दोन दिवसांनी विभागाच्या दारात टेम्पोचा भोंगा वाजला. बघते तर अप्पा. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, आणि मागं गोणपाटात गुंडाळून, दोरीनं आवळून, निळी टाकी. हुमनाबादेवरून येताना खड्ड्याखड्ड्याला मागं वळून बघत आले म्हणे. एका हातात शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी.

"लेक थांबायली म्हणून कळलं. तुमच्या साहेबाच्या सहीची वाट कामून बघत बसावं?" ते म्हणाले.

मी विचारलं होतं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारेल. मी विचारलं होतं, "अप्पा, आर्गॉनच हाय ना हे?"

"आर्गॉनच की. आन् भारीतलं. आपल्या दुकानात वापरतोय ते."

सरांनी त्यांना खुर्ची दिली. मी नळी पेटवून दाखवली. अप्पांनी हात मागं बांधून, वाकून, बराच वेळ बघितलं. "लहान हाय, पण आपल्याच घरातलं हाय," ते म्हणाले आणि इतके खूश झाले की सर हसले. मला त्या नळीचा रंग जरा फिका वाटला होता. म्हटलं, हवा शिरली असेल, निघेल.

ती निघाली नाही. सगळा हंगाम निघाली नाही. वीज बंद केली की रेघ दोरी तुटलेल्या बादलीसारखी खाली जायची. शेपटी नाही, काही नाही. सर कन्नडमध्ये म्हणायचे, "लीक इदे, नोडम्मा." गळती आहे, बघ बाई. मी बघत होते. जोडांमधली रबरी कडी बदलली. एकेका सांध्यावर स्पिरिट सोडून मापकाचा काटा हलतो का ते बघितलं. बोल्ट आवळून आवळून तळहाताला फोड आले. पंपाचं तेल बदललं, नळी तापवून वाळवली, पुन्हा जोडली. दाबमापक सांगत होता की गळती नाही. मी दाबमापकावर विश्वास ठेवला नाही, तोही बदलून आणला. नवाही तेच सांगायला लागला. उजेडाचे रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण पावसाळ्याआधीच दुरुस्तीला बेंगळुरूला गेलेलं, ते असतं तर एका मिनिटात कळलं असतं. त्याच्या चौकशीला फोन लावला की गाणं लागायचं.

आज ऐकणारा कुणीही म्हणेल, मग गॅसच तपासायचा. अगदी बरोबर. सगळं तपासून झाल्यावर उरतं तेच बघायचं, हे मी आता मुलींना शिकवते. पण गॅस अप्पांनी आणला होता. माझ्या डोक्यात तो तपासायच्या वस्तूंत नव्हताच. नळी खोटी असेल, पंप खोटा असेल, मी खोटी असेन; अप्पांची टाकी कशी असेल? टाकी संपत आली की ते न सांगता दुसरी पाठवायचे.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, घरी आले. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपी, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. मी जेवले, पण चव कळली नाही. डोक्यात ती रेघ होती. आंबील घ्यायचा आग्रह करणाऱ्या काकूंवर मी खेकसले, आणि अव्वानं माझ्याकडं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा डबा द्यायला कारखान्यात गेले. ठाणाकुशनूरचा एक शेतकरी नव्या ट्रॉलीच्या जोडावरून बोट फिरवत उभा होता.

"टिकंल का अप्पा? मागली एका हंगामात तुटली."

"ती कुणी केलती? हे बघा, नुसत्या आर्गॉनवर आम्ही करतच न्हाई. मिक्स गॅस हाय हे. कार्बनचा गॅस घातलेला. पत्र्यात कसं उतरतंय बघा. अवं, माझी लेक गुलबर्ग्याला संशोधन करायलीय, तिला बी मी हेच धाडतोय. तिला हलकं कामून देईन?"

डबा माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि कारखान्याच्या मागं जाऊन सडलेल्या पत्र्यांच्या ढिगावर बसले. मला हसूही येत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, पण कुणाच्या? लोखंडाच्या वेल्डिंगला आर्गॉनमध्ये कार्बन डायऑक्साइड घालतात, जोड सुबक येतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. अप्पांच्या लेखी नुसता आर्गॉन म्हणजे अर्धवट माल. लेकीला अर्धवट माल पाठवायचा नाही म्हणून त्यांनी पूर्ण पाठवला. जो वायू मिसळला की आर्गॉन झटकन विझतो, तसलाच एक त्यांनी आधीच मिसळून, गोणपाटात गुंडाळून, मला आणून दिला होता. मी गळती शोधत होते. नळीला गळती नव्हतीच. दाबमापक पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

तिथूनच मी अप्पांना टाक्या भरून देणाऱ्या बीदरच्या गॅसवाल्याला फोन लावला. एक आशा होती. मिसळ किती ते कळलं तर हंगामभराची मोजमापं वाया गेली नव्हती. नायट्रोजन नाही तर कार्बन डायऑक्साइड, प्रबंधात एक प्रकरण तरी झालं असतं.

"भाई, मिक्समध्ये कार्बनचा गॅस किती टक्के असतो?"

"कितना होना जी? गिऱ्हाईक देख के डालते."

"भालकीच्या टाक्यांत किती होता?"

"सीजन में थोडा कमी-ज्यादा होता जी. उसमें क्या है? वेल्डिंग तो हो जाता ना?"

वेल्डिंग होतं. मी फोन ठेवला. एका टाकीत एक, दुसरीत दुसरं, आणि कुठलं मोजमाप कुठल्या टाकीवरचं तेही आता सांगता येत नव्हतं. इतका सगळा खटाटोप आणि हाती काय, तर थोडं कमी-ज्यादा.

शुद्ध आर्गॉनची टाकी त्याच्याकडंच होती, पण साखर कारखान्याच्या स्टीलच्या पाइपांसाठी बांधून ठेवलेली. मला ती मिळाली तेव्हा उसाच्या फडांतून पाचट पेटवलेल्याचा धूर दिसायला लागला होता. नळी धुतली, वाळवली, टाकी जोडली. नळी पेटली ती जांभळी, खरी जांभळी. वीज बंद केली. आणि पडद्यावर ती रेघ आली. सावकाश उतरणारी, लांब, आपल्याच नादात. मी खुर्चीत बसून तिच्याकडं बघत राहिले. आयुष्यात मला इतकी सुंदर गोष्ट फारशी दिसलेली नाही आणि दाखवावी तर जवळ कुणी नव्हतं. सर त्या दिवशी निरोपसमारंभाच्या गडबडीत होते. पुढं नायट्रोजन घालून दोन-चार मोजमापं झाली, तेवढ्यात समितीची तारीख आली.

समितीत टाय लावलेले एक गृहस्थ होते. माझ्या आधी आलेल्या मुलाला त्यांनी त्याच्या गावावरून काहीतरी विचारलं होतं आणि सगळे हसले होते. ते हसू बाहेरच्या बाकड्यावर मला ऐकू आलं होतं. माझ्या आधीच्या अहवालांतली रेघ आणि आताची रेघ त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. "आधी इतकं चुकत का होतं?" त्यांनी विचारलं.

सांगायचं होतं एवढंच की गॅस चुकीचा होता. मग पुढचा प्रश्न आला असता, कुणी दिला? वडिलांनी. ते काय करतात? ट्रॉल्या. आणि मग ते हसू. पांढरा सदरा घालून, खड्ड्याखड्ड्याला मागं वळून बघत आलेला माझा बाप त्या खोलीत उभा करायचा आणि त्याच्यावर त्या माणसाला हसू द्यायचं, हे मला जमलं नाही. मी म्हटलं, "नळीला गळती होती." ते म्हणाले, गळती हंगामभर सापडत नसेल तर हे काम तुमच्या आवाक्यातलं दिसत नाही. मुदत वाढली नाही. सरांनी निवृत्तीनंतर दोनदा फोन केला, मग त्यांचाही थांबला. ती जांभळी नळी आता कुठल्या कपाटात आहे कोण जाणे.

अप्पांना मी सांगितलं की मुदत संपली. त्यांना वाटतं, विद्यापीठातल्या लोकांनी दगा दिला. दर हंगामाला, वास सुटला की, मी हे मनातल्या मनात पुन्हा उगाळते. आणि दर वेळी शेवटी स्वतःची समजूत घालते, की निदान एक गोष्ट मी वाचवली. बापाची मान वाचवली. पीएच.डी. गेली तर गेली, बऱ्याच जणींची जाते. हे म्हटलं की दोन घास खाली उतरतात.

यंदाही तसंच झालं असतं. काल संध्याकाळी कॉलेजातून येताना कारखान्यावर गेले. अप्पा आता स्वतः वेल्डिंग करत नाहीत, खुर्ची टाकून बसतात, पण गिऱ्हाईक आलं की उठतातच. बसवकल्याणकडचे कुणीतरी आले होते. आणि सुरू झालं, "मिक्स हाय हे. माझी लेक संशोधनाला हेच वापरायची."

माझं काय झालं मला माहीत नाही. "अप्पा, पुरे!" मी ओरडले. मशीन बंद झालं. "त्या मिक्सनंच माझं वाटोळं झालं. मला नुसतं आर्गॉन पायजे व्हतं. नुसतं! सगळा हंगाम मी गळती हुडकत बसले, ती तुमच्या टाकीत व्हती. समितीनं विचारलं तवा मी तुमचं नाव घेतलं न्हाई, खोटं बोलले, म्हणून गेली माझी पीएच.डी.!"

गिऱ्हाईक हळूच बाहेर सरकलं. अप्पा खुर्चीत बसले. मला वाटलं, संपलं, इतकी वर्षं जे जपलं ते एका दमात फोडलं मी. त्यांनी पायाशी पडलेला पत्र्याचा तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग मान वर केली, तर चेहऱ्यावर दुःख नव्हतं. चक्क राग होता.

"म्हंजे मी चुकलो असं सांगितलं असतंस तर तुला मुदत मिळाली असती?"

"मिळाली असती कदाचित."

"मग सांगायचं न्हाई व्हय, येडे? मला बोलवायचं. मी आलो असतो त्या समितीपुढं. हसले असते तर हसले असते, आपलं काय जातंय? लेकीच्या नावापुढं डॉक्टर लागलं असतं तर मी चुकलो म्हणून ह्या बाजारात दारोदार सांगत फिरलो असतो!"

 इतकी वर्षं मी जे वाचवलं म्हणत होते, ते वाचवायला त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. अप्पा उठले, मशीनवाल्याला "चालू कर" म्हणाले, आणि मला, "तिकडं बघू नगं, डोळे मीट."